माजघराचा हिरवा

घराला रंग देणे याला आमच्या आजीच्या पिढीत 'रंग काढणे' म्हणत. रांगोळी काढतात, चित्र काढतात, तसा घराला रंगही काढतात. बडोद्यात पाच-सहा पिढ्या राहिलेल्या आमच्यासारख्या मराठी कुटुंबांच्या बोलीत हा प्रयोग अजून टिकून आहे. 'लावणे' म्हटले की बाजारातून आणलेली वस्तू भिंतीवर बसवली असे वाटते; 'काढणे' म्हटले की घरातच कुठेतरी होते ते वर आणले असा भास होतो. २०२५ च्या आरंभी आम्ही आमच्या माजघराला कोवळा हिरवा रंग काढला. एका खोलीचा रंग, त्याविषयी लिहावयाचे ते काय, असे वाचकांस वाटेल. परंतु त्या एका खोलीने आम्हाला तीन महिने विचार करावयास लावले.

प्रथमच सांगावयास हवे की हिरव्याकडे आमचा ओढा नव्हता. राज्य सरकारच्या सेवेत ज्यांची हयात गेली, त्यांना भिंतीवरचा हिरवा रंग म्हटला की एकच चित्र दिसते. जमिनीपासून चार-साडेचार फुटांपर्यंत हिरवा तैलरंग, त्यावर बोटभर रुंदीची गडद पट्टी आणि वर चुना. तालुक्याची कचेरी असो, सरकारी दवाखाना असो की विश्रामगृह असो, हा हिरवा आमच्या बदलीच्या गावी आमच्याआधी जाऊन पोहोचलेला असे. त्यामागे व्यवहार होता. बाकावर बसलेल्या माणसांच्या डोक्यांचे तेल, हातांचे डाग, खुर्च्यांच्या पाठींचे ओरखडे हे सारे चार फुटांच्या आत होते. तेवढा भाग धुता आला म्हणजे झाले.

दवाखान्याच्या हिरव्याला मात्र व्यवहाराहून खोल कारण आहे. १९१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील हॅरी शर्मन या शल्यविशारदाने आपल्या शस्त्रक्रियागृहाच्या भिंती व जमीन पालकाच्या भाजीसारख्या हिरव्या करून घेतल्या. तोवर तेथे सर्वत्र पांढरे असे. तांबड्या रक्ताकडे एकाग्रतेने पाहून डोळा पांढऱ्या भिंतीकडे वळला की हिरवट निळे डाग तरंगू लागतात आणि पांढऱ्याच्या झळाळीने दृष्टी दिपते. हिरव्यावर ते डाग विरून जातात. पुढे ही कल्पना जगभर पसरली आणि फिरत फिरत आमच्या तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत आली. वाटेत तिच्यातील कारण गळून गेले आणि रंग तेवढा उरला.

शब्दांच्या बाबतीत हिरवा मोठा श्रीमंत आहे. मराठीत पोपटी आहे, शेवाळी आहे, मोरपंखी आहे, पिस्ता आहे, मेंदी आहे. लुगड्यांच्या जुन्या बोलीत राघूही आहे. 'अजून देठ हिरवा आहे' हे आपण म्हाताऱ्या माणसाच्या रसिकतेविषयी म्हणतो. आमच्या शेजारच्या गुजरातीत हिरव्याला 'लीलो' म्हणतात, आणि त्या शब्दात ओलेपणाही आहे. 'लीलुं' आणि 'सूकुं' ही जोडी म्हणजे ओले आणि वाळलेले. सुखसमृद्धी असली की 'लीलालहेर'. आणि एखादे वृद्ध माणूस मुले-नातवंडे मागे ठेवून गेले की शेजारी म्हणतात, 'लीली वाडी मूकीने गया', हिरवी बाग ठेवून गेले. दर्ग्यावरची चादर हिरवी आणि देवीच्या ओटीतल्या बांगड्याही हिरव्या. या रंगाशी ज्याचे काही नाते नाही असा माणूस आमच्या पोळीत शोधूनही सापडणार नाही.

आमचे घर म्हणजे काही वाडा नव्हे. रावपुऱ्यात तांबेकर वाडा आहे. एकोणिसाव्या शतकातील त्या वाड्याच्या भिंतींवर महाभारतातील नि कृष्णचरित्रातील प्रसंग दाटीवाटीने रंगवलेले आहेत. ते दिवाणांचे घर. आमचे पूर्वज कारकून. त्यांच्या वाट्याला चुना आला. विटा चुन्यात बांधलेल्या, सागवानी तुळया, खाली तांबड्या कोब्याची जमीन, आणि मधोमध माजघर, ज्याला उत्तरेकडे एक दार व त्याच्या बाजूला एक खिडकी. थेट ऊन तेथे वर्षातून फारच थोडे दिवस येते. वर्षानुवर्षे भिंतींना पांढरा चुना. चुन्यात थोडा डिंक, म्हणजे हाताला लागू नये, आणि चिमूटभर नीळ, म्हणजे पांढरा पिवळट दिसू नये. दसऱ्याच्या आधी रंगारी येई, दोन दिवसांत काम उरकी, आणि माजघर पुन्हा पूर्वीसारखे पांढरे होई.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला. त्याचे पाणी आमच्या गल्लीपर्यंत आले नाही. पण त्या पावसाने माजघराच्या दोन भिंतींत ओल चढली ती कमरेपर्यंत. दिवाळीला पाहतो तो भिंतीला लोणा लागलेला, पापुद्रे सुटलेले. गिलावा खरवडून पुन्हा करणे भाग होते आणि मग रंगाचा प्रश्न उभा राहिला.

मुलगा पुण्यास, मुलगी टोरांटोला. दोघांचेही म्हणणे एक होते आणि ते चुकीचे होते असे म्हणता येणार नाही. पोळीतील जुनी घरे एकामागून एक विकली जात आहेत. आज ना उद्या या घराचेही तेच होईल. तेव्हा खर्च बेताचा करावा, पांढरा किंवा दुधी रंग द्यावा, म्हणजे घेणाऱ्याला खोली मोठी दिसेल. दुकानदारानेही तेच सांगितले. 'साहेब, व्हाइट म्हणजे नो रिस्क.' त्याने पुढे केलेल्या कार्डावर हिरव्याचेच चाळीस-पन्नास चौकोन होते, प्रत्येकाखाली धुक्याचे नाहीतर कुरणाचे इंग्रजी नाव. पण त्याचे बोट सारखे पांढऱ्याच्या पानाकडे जाई.

या सल्ल्यात एक गोष्ट कोणी धरली नव्हती. ती खोली आत्याची आहे.

आमच्या आत्याने नव्वदीकडे वाटचाल सुरू केली आहे. गेली पासष्टाहून अधिक वर्षे ती या घरात आहे, आणि त्यातली बहुतेक या माजघरात. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. डॉक्टर उजवा डोळा डिसेंबरात आणि डावा जानेवारीत करावयाचे म्हणत होते. रात्री उठली की पांढऱ्या भिंतीवरचे पांढरे बटण तिला सापडत नसे. भिंत चाचपीत ती दारापर्यंत जाई. त्या पावसाळ्यात ती दोनदा धडपडली. हाड मोडले नाही, इतकेच. घराचा रंग विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांसाठी निवडावयाचा की येथे राहणाऱ्याच्या, हा प्रश्न आमच्यापुढे अशा रीतीने आला. पांढऱ्याचा आग्रह आम्ही तेथेच सोडला आणि आत्याला विचारले, कोणता रंग काढू?

ती म्हणाली, "हिरवा काढ. पण कचेरीतला नको हो."

हिरवा, पण कोणता? आता आम्हाला अभ्यास करणे प्राप्त झाले. दिवसाच्या उजेडात माणसाच्या डोळ्याची संवेदना सर्वाधिक असते ती सुमारे ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला, म्हणजे पिवळसर हिरव्याला. मंद उजेडात हा बिंदू सुमारे ५०७ नॅनोमीटरकडे, म्हणजे निळसर हिरव्याकडे सरकतो. त्यामुळे तिन्हीसांजेला तांबडी फुले काळवंडतात आणि पाने मात्र उजळ राहतात. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये याने एकोणिसाव्या शतकात ही गोष्ट नोंदवली, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. उत्तरेच्या मंद उजेडाच्या खोलीला फिका हिरवा मानवतो तो यामुळेच.

इतिहासात हिरव्याचे एक काळे पानही आहे. १७७५ मध्ये शीले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने तांबे व आर्सेनिक यांपासून एक झळझळीत हिरवा तयार केला, आणि १८१४ मध्ये जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे त्याहून तेजस्वी असा दुसरा निघाला. युरोपातील घराघरांत या हिरव्यांचे भिंतकागद लागले. ओल धरली की त्यावर बुरशी येई आणि आर्सेनिकयुक्त वायू सुटे. याउलट आपल्या दख्खनच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत एक मऊ हिरवी माती मिळते. अजिंठ्याच्या चित्रांतील हिरवा हा अशाच मातीचा. तो भडक नाही, पण दीड हजार वर्षे टिकला आहे. सौम्य रंगाविषयी आमच्या मनात जी किंचित अनास्था होती ती हे वाचताना उतरली.

आमच्या भिंतीची अडचण आणखी निराळी होती. चुन्यातल्या जुन्या भिंतीला श्वास लागतो. तिच्यावर प्लास्टिकचा रंग चढवला की आतली ओल अडकते, फुगे येतात आणि दोन पावसाळ्यांत पोपडे निघतात. म्हणून चुनाच द्यावयाचा ठरले. पण चुना तीव्र क्षार. बाजारातले बरेच रंग तो खाऊन टाकतो. त्यात टिकतात त्या खनिज मात्या आणि क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पूड. आमचा रंगारी सत्तरीचा, बापाच्या हाताखाली चुना घोटलेला. त्याने हिरव्या पुडीत रामरज, म्हणजे पिवळी माती, निरनिराळ्या प्रमाणात घालून पाच मिश्रणे केली आणि दीड-दीड फुटांचे पाच चौकोन समोरासमोरच्या दोन भिंतींवर ओढले. ओला चुना पारदर्शक आणि गडद दिसतो. आम्ही नाक मुरडलेले पाहून तो म्हणाला, "सुकाशे एटले आछो पडशे, साहेब." सुकला की फिका पडेल. आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी ओळखू येऊ नयेत इतके ते फिके झाले.

हे चौकोन आम्ही आठवडाभर पाहिले. सकाळी ते थंड दिसत. दुपारी तांबड्या कोब्यावरून परावर्तित झालेला उजेड त्यांच्यावर पडे आणि पायाशी हिरवा मळकट होई. रात्री पिवळ्या बल्बखाली ते लिंबासारखे, आणि पांढऱ्या शुभ्र ट्यूबखाली थेट दवाखान्यासारखे. शेवटी ६५०० केल्व्हिनची ट्यूब काढून ४००० केल्व्हिनचे दिवे बसवले, तेव्हा दिवसाच्या आणि रात्रीच्या रंगांत काही नाते दिसू लागले. रंग निवडताना दिवाही निवडावा लागतो, हे दुकानातल्या कार्डावर कोठेही लिहिलेले नसते.

दरम्यान आत्याच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. चौथ्या-पाचव्या दिवशी ती त्या चौकोनांसमोर खुर्ची घेऊन बसली होती. उजवा डोळा हाताने झाकी, मग डावा झाकी. असे कितीतरी वेळ चालले होते. आम्ही जवळ गेलो तेव्हा म्हणाली, "अरे, या डोळ्याला हा हिरवा दिसतो आणि या डोळ्याला मातकट. खरा कोणता?"

वय वाढते तसा डोळ्यातला नैसर्गिक भिंग पिवळा पडत जातो आणि निळा प्रकाश अडवतो. हे इतके सावकाश होते की माणसाला त्याचा पत्ता लागत नाही. पांढरे साय लागल्यासारखे दिसते, कोवळा हिरवा पाचोळ्याकडे झुकतो, आणि आपण समजतो की जगच असे आहे. नवा भिंग बसला की निळा पुन्हा आत येतो. एक डोळा झालेला आणि दुसरा व्हावयाचा, एवढ्या महिनाभराच्या काळात माणसाजवळ दोन जगे असतात आणि त्यांची तुलना करता येते. आम्ही तिला हे समजावून सांगितले. ती म्हणाली, "मग दुसरा डोळा होऊ दे. दोन्ही डोळ्यांनी पाहून सांगते." भिंती वाळावयास वेळ लागणारच होता. आम्ही थांबलो.

जानेवारीच्या अखेरीस दोन्ही डोळे मोकळे झाले. मटारांचे दिवस होते. ती माजघरात बसून शेंगा सोलत होती. एक शेंग उलगडून तिने आमच्यापुढे धरली. "बाहेरचा नव्हे, हा आतला. दाण्यांच्या खालचा. तुझ्या पाच चौकोनांत हा नाही." आम्ही शेंग घेऊन दाराच्या उजेडात गेलो. मटाराच्या शेंगेचे अस्तर आम्ही साठ वर्षांत कधी पाहिले नव्हते, म्हणजे डोळ्यांपुढून शेकडो वेळा गेले असेल तरी. किंचित रुपेरी, किंचित पिवळा, ओला असावा असा तो हिरवा होता. रंगाऱ्याने शेंग तळहातावर घेतली, मान डोलावली आणि हिरवी पूड निम्म्यावर आणली.

हा रंग तिला का हवा, हे विचारावयाचे आमच्या मनात नव्हते. आमच्या पत्नीने सहज विचारले, "आत्या, तुम्हाला हिरवा इतका आवडतो हे कधी कळलेच नाही." आत्याचे हात शेंगांतच होते. ती म्हणाली, "भिंतीला आता कोण काय म्हणणार आहे?"

आमच्या घरात जे सर्वांना ठाऊक होते आणि जे कोणी बोलत नव्हते, ते या एका वाक्यात होते. आत्याचे लग्न १९५५ साली झाले. गुजराती नवरी पांढऱ्या-तांबड्या पानेतरात बोहोल्यावर चढते. आपल्याकडे हिरवा चुडा. लग्नघर मराठ्यांचे की नाही हे त्या काळी बडोद्यातले शेजारी मुलीच्या मनगटांवरून ओळखत. दोन वर्षांनी ती एकवीस वर्षांची असताना परत आली. चुडा तेथेच राहिला होता. सोबत आलेल्या ट्रंकेतला हिरवा शालू आमच्या आजीने कोणाला दिला ते तिने सांगितले नाही व आत्याने विचारले नाही. आमच्या वडिलांनी तिला शिक्षिकेचा अभ्यासक्रम पुरा करावयास लावला, आणि तिने तीस वर्षे मराठी प्राथमिक शाळेत मुले शिकवली. या शहरात शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा पाया सयाजीरावांनी १९०६ मध्ये घातला होता. आत्यासारख्या बायकांना त्या पायावर उभे राहता आले. पुढे काळ बदलला. फिकी लुगडी जाऊन पातळे आली, त्यांत निळा आला, जांभळा आला, एकदा अबोलीही आली. हिरवा मात्र आला नाही. कोणी मना केले नव्हते. परंतु पहिल्या मनाईनंतर दुसरी करावी लागत नाही.

आम्ही तिच्याच अंगाखांद्यावर वाढलो. आमच्या घरातील लग्नांत चुडा भरण्यासाठी कासार ओटीवर बसे, तेव्हा ती आत माजघरात पाटपाण्याचे पाहत असे. तेव्हा ते आम्हाला कामाची वाटणी वाटे. सारी माणसे तसेच समजत आणि तीही तसेच दाखवी. सौम्य रंगाची हीच एक गंमत आहे; तो ओरडून काही सांगत नाही. ज्याला पाहावयाचे नसते त्याला तो दिसतही नाही.

फेब्रुवारीत काम झाले. चुन्याचे तीन हात, प्रत्येक हातानंतर एक दिवस विश्रांती. तुळया आणि दाराची चौकट तपकिरी ठेवली, म्हणजे फिक्या भिंतीत दार कोठे आहे ते अर्धवट झोपेतही कळावे. छताला पांढरा राखला, म्हणजे उत्तरेचा मोजका उजेड वरून खाली परत यावा. बटणांच्या पांढऱ्या पाट्यांभोवती तपकिरी लाकडी पट्टी ठोकली. कोब्यावर मातकट रंगाची सतरंजी पसरली. तिच्यामुळे पायाशी येणारी तांबूस झाक कमी झाली. या साऱ्याला दुधी प्लास्टिक रंगाहून खर्च थोडा कमीच आला, हे मुलाला आम्ही आवर्जून कळवले. मजुरी मात्र अधिक गेली; चुना घोटणारे हात आता दुर्मीळ आहेत आणि त्यांची किंमत द्यावयास हवी.

मार्चमध्ये शेजारची वृद्ध गुजराती बाई नवी खोली पाहावयास आली. दारात उभी राहून तिने चहूकडे पाहिले आणि आत्याला म्हणाली, "आ तो तमारी लीली वाडी थई गई." आत्याला मूलबाळ नाही हे तिला ठाऊक होते, ती तिच्या शाळेतल्या पोरांविषयी बोलत होती की भिंतींविषयी, आम्हाला सांगता येणार नाही. आत्या नुसती हसली आणि चहा ठेवावयास सांगितले.

पांढऱ्या भिंतींत जी गोष्ट होत नव्हती ती आता होते. रात्री ती आपली आपण उठते, चौकट पाहते, बटण दाबते. दुपारी पेपर घेऊन खिडकीशी बसते, आणि पेपर मांडीवर ठेवून बराच वेळ समोरच्या भिंतीकडे पाहत राहते. तिच्या मनगटांत अजूनही दोन सोन्याच्या बारीक पाटल्याच आहेत. त्याविषयी आम्ही काही बोललो नाही. काही गोष्टींना भिंतीइतकेच अंतर बरे असते.

चुन्याचा रंग दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो आणि तोवर तो रंगारी असेल की नाही कोण जाणे. म्हणून त्याचे प्रमाण त्याच्याकडून वदवून घेतले. ते आत्यानेच तिच्या हिशेबाच्या वहीत, भिंगाशिवाय, शाळेतल्या त्या गोल अक्षरात लिहून ठेवले आहे: चुना किती, डिंक किती, हिरवी पूड किती, रामरज किती. शेवटी एक ओळ आहे, ती रंगाऱ्याने सांगितलेली नाही. 'निवडण्यापूर्वी सुकू द्यावा.'